नंबर शून्य, तरी एका भोकाची दोन भोकं दिसतात: जवळचं बारीक काम करणाऱ्यांनी डोळ्यांची जोडी कशी सांभाळायची

मी कोल्हापुरात गुजरीत (सराफ बाजारात) पटवेकरी काम करतो. म्हणजे सोनार पानं आणि मणी घडवून देतो आणि आम्ही ते ओवून, गाठवून साज, बोरमाळ, मोहनमाळ पुरी करतो. एका कोल्हापुरी साजात २१ पानं, मधे जवमणी, मण्याचं भोक सुईपेक्षा जेमतेम मोठं, आणि हे सगळं डोळ्यापासून एक वीतभर अंतरावर, दिवसाला नऊ-दहा तास. वरनं हल्ली गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचे, डिझाइन झूम करून बघायचं, म्हणजे काम संपलं तरी डोळा जवळच.

दोन वर्षांपूर्वी, वय ३६ तेव्हा, दुपारी चारनंतर मला एका भोकाची दोन भोकं दिसायला लागली. सुई नेम धरून घालायचो आणि ती भोकाच्या शेजारी जायची. एक डोळा मिटला की बरोबर आत जायची. कपाळ जड, भुवयांच्या वर दुखायचं, आणि संध्याकाळी दुकानातनं बाहेर येऊन महाद्वार रोडवर उभा राहिलो की समोरच्या पाट्या दोन-तीन सेकंद धूसर. एका चष्म्याच्या दुकानात तपासलं तर "सिक्स बाय सिक्स आहे, नंबर नाही, झोप कमी होत असेल" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे प्लस एकचा चष्मा दिला, त्यानं अक्षर मोठं दिसायचं पण दोन दिसणं उलट वाढलं. सहा महिने असेच गेले. शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासायचं शिक्षण घेतलेल्या) बाईंनी फक्त पेनाचं टोक माझ्या नाकाकडं आणत आणलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की तुमची नजर चांगली आहे पण दोन्ही डोळे एकत्र आत वळायला कमी पडतात, याला कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी म्हणतात.

हे लिहायचं कारण असं की हुपरीत चांदीकाम करणारे, इचलकरंजीत वहिफणीवाले (मागाच्या फणीतनं एकेक धागा ओवणारे) आणि कापड चेकिंगवाले, उद्यमनगरात दिवसभर व्हर्नियर आणि ड्रॉइंग बघणारी पोरं, राजारामपुरीच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी पोरं, सगळ्यांची तक्रार तीच असते आणि सगळ्यांना उत्तर मिळतं "नंबर नाही". सहा मीटरवरचा तक्ता एकेका डोळ्यानं वाचला म्हणजे दूरची नजर कळते, जवळच्या कामात दोन डोळ्यांची जोडी कशी चालते ते त्यातनं कळतच नाही. मी डॉक्टर नाही, पण या दोन वर्षांत विचारून, शिकून, स्वतः करून जे कळलंय ते क्रमानं सांगतो.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या

जवळ बघताना डोळे एका वेळी दोन कामं करतात. एक म्हणजे फोकस: डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळतो, भिंग फुगतं, मग जवळचं स्पष्ट दिसतं. दुसरं म्हणजे दोन्ही बुबुळं नाकाकडं वळवणं, म्हणजे दोघांची नजर एकाच मण्यावर पडावी. शिवाय बाहुली बारीक होते, ते आपोआप.

किती जोर लागतो त्याचा हिशोब सोपा आहे. १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतरानं भागा, येतं ते डायॉप्टर, म्हणजे फोकसच्या जोराचं माप. ४० सेंमीवर वही धरली तर अडीच, २५ सेंमीवर मणी धरला तर चार, २० सेंमीवर मोबाईल धरला तर पाच. वळवण्याचंही तसंच, ४० सेंमीवर दोन्ही नजरांमधला कोन साधारण ९ अंश होतो आणि २५ सेंमीवर साधारण १४. म्हणजे वीतभर जवळ आणलं की काम थोडं वाढत नाही, दीडपट होतं, आणि ते तासन् तास धरून ठेवायचं असतं. पाण्याची बादली उचलणं वेगळं आणि हात लांब करून तासभर धरून उभं राहणं वेगळं, तसं हे.

आता बऱ्याच लोकांचे डोळे मोकळे सोडले की किंचित बाहेर सरकायला बघतात. मेंदू त्यांना ओढून एकत्र ठेवतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. ज्यांचे जवळ बघताना जास्त सरकतात आणि ओढून धरायची ताकद कमी असते, त्यांचं सकाळी निभावतं, दुपारी सुटतं. सुटलं की दोन दिसतं. आणि माझ्या पाट्या धूसर दिसायच्या त्याचं कारण फोकसचा स्नायू आवळलेला राहायचा, लगेच सैल व्हायचा नाही, हे. बारीक काम हेच याचं मूळ कारण असं नाही, कित्येकांना हे लहानपणापासून थोडं असतंच, पण असलेली कमतरता हे काम उघडी पाडतं.

तुमचा त्रास कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

डोळ्याचा थकवा म्हणून सगळं एकाच पोत्यात घालू नका.

जळजळ, खडा गेल्यासारखं टोचणं, डोळे मिचकावले की क्षणभर बरं वाटणं, हा बहुतेक कोरडेपणा. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडं किंवा बारीक कामाकडं टक लावली की ते पाच-सातवर येतं. त्यात डोक्यावर फॅन असला की झालंच.

ओळ चुकणं, तीच ओळ परत वाचली जाणं, अक्षरं हलल्यासारखी वाटणं, दोन दिसणं, वाचायला बसलं की वीस मिनिटांत पेंग येणं, नकळत एक डोळा झाकून किंवा डोकं तिरकं करून वाचणं, हे जोडीचं लक्षण. माझी पुतणी पालथी पडून, डावा डोळा उशीत दाबून वाचायची, आम्ही सगळे म्हणायचो आळशी आहे. तिला पण हेच निघालं. पोरीला आळशी म्हटल्याचं मला आजही वाईट वाटतं.

लांबचं लगेच स्पष्ट न होणं, किंवा दिवसा ठीक आणि रात्री गाडी चालवताना धूसर, हा फोकस अडकल्याचा इशारा असू शकतो.

एक चाचणी आत्ताच करा. दोन दिसत असताना एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. कुठलाही एक झाकला की दोनाचं एक झालं, तर प्रश्न जोडीचा आहे. एक डोळा झाकूनसुद्धा उरलेल्या डोळ्याला दोन किंवा सावलीसारखं दिसत असेल तर प्रश्न त्या डोळ्याचाच आहे: तिरपा नंबर, कोरडेपणा, मोतीबिंदू असलं काहीतरी, आणि पुढचे व्यायाम त्यावर चालणार नाहीत.

हे असेल तर लेख बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टर

दोन दिसणं अचानक सुरू झालं, पापणी खाली आली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, जोराचं डोकं दुखतंय, तोंड वाकडं किंवा हातपाय लुळे वाटतायत, तर व्यायाम नाही, थेट मोठा दवाखाना. शुगर-बीपीवाल्यांनी तर अजिबात थांबू नका, डोळा फिरवणारी नस अचानक कमजोर पडू शकते. सकाळी ठीक आणि दिवस मावळेल तशी पापणी पडते आणि दोन दिसतं, हेही डॉक्टरला मुद्दाम सांगा, तो स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. आणि गाडीवरनं पडून डोक्याला मार लागल्यानंतर वाचताना त्रास सुरू झाला असेल तर तेही सांगा, डोक्याच्या मारानंतर डोळे आत वळायला कमी पडणं बरंच दिसतं.

घरी मोजायची पद्धत

लागतं काय तर एक पेन, एक पट्टी, आणि समोर बसायला एक माणूस. चष्मा असेल तर तो घालूनच.

पेनाचं टोक नाकाच्या रेषेत, हातभर लांब धरा. टोकाकडं बघत सावकाश नाकाकडं आणा, गडबड नको. टोक ज्या जागी एकाचं दोन होईल तिथं थांबा, आणि समोरच्यानं पट्टीनं नाकाच्या वरच्या टोकापासून अंतर मोजायचं. काही जणांना दोन दिसतच नाही, मेंदू एका डोळ्याचं चित्र गप्प करतो, म्हणून समोरच्यानं डोळ्यांकडं बघायचं, एक डोळा बाहेर सटकला की तीच जागा. मग पेन परत लांब न्या आणि दोनाचं एक कुठं होतं ते मोजा.

सहा सेंमीच्या आत एकच दिसत असेल तर साधारण चांगलं. दहाच्या पुढं सुटत असेल तर तपासणी करून घ्याच. पण एकदा मोजून थांबू नका, सलग पाच वेळा करा, आणि सकाळी एकदा, काम संपल्यावर एकदा. माझं सकाळी १४ होतं आणि संध्याकाळी १९, आणि मी मणी धरायचो २५ वर. म्हणजे दिवसभर मी कड्याच्या काठावरनं चालत होतो म्हणा ना. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांपुढं "डोळे दुखतात" म्हणण्यापेक्षा "संध्याकाळी १९ सेंमीला सुटतं" म्हटलं की बोलणं पुढं सरकतं.

तपासणीला गेल्यावर काय मागायचं

नेत्रतज्ज्ञ किंवा नीट शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट बघा. दुपारनंतरची वेळ घ्या, ताज्या डोळ्यांनी जाऊ नका. स्पष्ट सांगा की जवळच्या कामात त्रास आहे, मला जवळचा कव्हर टेस्ट (एकेक डोळा झाकून दुसरा सरकतो का ते बघणं), डोळे आत वळण्याचं अंतर, प्रिझम बारनं (तिरप्या काचांच्या पट्टीनं) जोडीची ताकद आणि फोकसची ताकद तपासून हवी. कामाचं अंतर मोजून न्या.

तरुण माणसाला आणि मुलांना थेंब घालून नंबर बघायला सांगा. फोकसचा स्नायू आवळलेला असला की खोटा मायनस नंबर निघतो, किंवा खरा प्लस नंबर लपून राहतो. थेंबांनी स्नायू सैल झाला की खरं कळतं. चाळिशीच्या आसपास असाल तर वाचायचा नंबरही लागलेला असू शकतो, ४० ते ४५ मधे तो बहुतेकांना लागतोच.

आणि हे तपासल्याशिवाय व्यायाम सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण काहींचे डोळे जवळ बघताना उलट जास्तच आत वळतात. त्यांनी पेनाचा व्यायाम केला तर त्रास वाढतो.

कामाची जागा बदला, हे औषधाइतकंच महत्त्वाचं

अंतर पहिलं. कोपरापासून मुठीच्या मधल्या बोटाच्या पेरापर्यंत जेवढी लांबी, तेवढं लांब काम असावं, मोठ्या माणसाला ते साधारण ३५ ते ४० सेंमी भरतं. मूठ गालाला लावायची, कोपर कामाच्या पाटावर टेकायचं, अंतर मिळालं. आमचे आप्पा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून काम करायचे, त्यांचं काम आपोआप लांब राहायचं. मी स्टुलावर बसून टेबलावर दोरा अडकवायचा आकडा (हुक) ठोकला आणि हळूहळू नाक मण्याला लागलं. आता आकडा १५ सेंमी पुढं नेलाय, पाट थोडा उचललाय, कारण पाट खाली असला की मान वाकते आणि मानेबरोबर डोळे जवळ जातात.

उजेड कमी असला की माणूस जवळ जातो, म्हणून दिवा वाढवा, पण सोन्यावर थेट बल्ब पडला की झळाळी डोळ्यात जाते. दिवा डाव्या बाजूनं, पुढं पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा लावून पसरलेला. खाली न चमकणारं, फिकट हिरवट कापड. कॉम्प्युटरवाल्यांनी स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यापेक्षा किंचित खाली, अक्षर मोठं. मोबाईल हा सगळ्यात वाईट, कारण अक्षर बारीक म्हणून आपण तो २० सेंमीवर आणतो. फॉन्ट वाढवा.

आता चष्म्याचं, कारण माझं इथंच फसलं. प्लस काचेनं फोकसचं काम हलकं होतं, पण फोकस आणि आत वळणं ही दोन कामं आतून एकमेकांना बांधलेली आहेत. फोकस सैल पडला की आत वळणंही थोडं सैल पडतं, आणि ज्याचं मुळात तेच कमी आहे त्याला उरलेली सगळी ओढ स्वतःच्या ताकदीवर काढावी लागते. रस्त्यावरच्या रेडिमेड चष्म्यात तर काचेचा मध्य तुमच्या बाहुल्यांपेक्षा बाहेर असला की प्लस काच प्रिझमसारखी वागते आणि डोळ्यांना अजून आत ओढायला लावते. म्हणून ज्यांना नंबर खरंच लागतो त्यांनी दोन बाहुल्यांमधलं अंतर जवळचं मोजून घेऊनच चष्मा करावा.

ब्लू कट काचेला (स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी म्हणून विकतात ती) जादा पैसे देऊ नका. २०२३ मधे कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं १७ चाचण्या एकत्र तपासल्या, कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्याचा ताण कमी झाल्याचा फायदा त्यात दिसला नाही.

विश्रांती खरी घ्या

दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं, हे सगळ्यांनी ऐकलंय आणि कुणी करत नाही. २० फूट म्हणजे सहा मीटर, तिथं फोकसचं काम जवळजवळ शून्यावर येतं. मी घड्याळ लावत नाही, सात पानं गाठवली की मान वर, असा नियम केलाय. वर बघितल्यावर लांबची एक वस्तू स्पष्ट होईपर्यंत बघायचं, तेवढ्यात पाच वेळा पापणी पूर्ण मिटायची, अर्धवट नाही. त्या वेळात मोबाईल काढला तर ती विश्रांती नव्हे. दुपारी गच्चीत जातो, अंबाबाईचं शिखर दिसतं, पाच मिनिटं. संध्याकाळी जमेल तसं रंकाळ्यावर, पाण्यापलीकडं शालिनी पॅलेसकडं बघत एक फेरी. ज्यांच्या घरी शाळकरी पोरं आहेत त्यांनी पोरांना उन्हापाण्यात बाहेर सोडा, उघड्यावरच्या उजेडात रोज दोनेक तास खेळल्यानं मायनस नंबर लागायचा धोका कमी होतो.

व्यायाम: मणी आणि दोरी

तपासणीत कन्व्हर्जन्सच कमी निघाला आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच.

पेनाचा व्यायाम सगळ्यांना माहीत आहे, पण नुसता पेन नाकाकडं आणला की बरेच जण एक डोळा बंद पाडून "एकच दिसतंय" म्हणतात. म्हणून पेनाच्या मागं लांब भिंतीवर एक कॅलेंडर ठेवा. पेनाकडं बघताना मागचं कॅलेंडर अंधुक दोन दिसलं पाहिजे. ते एकच दिसलं तर एक डोळा झोपलाय, तिथं थांबून पापणी मिटून परत.

मला खरा उपयोग झाला तो दोरीचा. याला ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात, विकत आणायची गरज नाही. दोन मीटर पांढरी दोरी, त्यात तीन मोठे मणी, लाल, पिवळा, हिरवा. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याला ताणून धरलेलं. लाल मणी ३० सेंमीवर, पिवळा ६० वर, हिरवा सव्वा मीटरवर.

पिवळ्याकडं बघा. मणी एक दिसला पाहिजे आणि दोऱ्या दोन, आणि त्या दोन्ही दोऱ्या बरोबर पिवळ्या मण्यात एकमेकींना छेदून फुली झाली पाहिजे. पुढचा-मागचा मणी दोन-दोन दिसणार, ते बरोबर आहे, घाबरू नका. फुली मण्याच्या पलीकडं पडली तर डोळे कमी वळलेत, अलीकडं पडली तर जास्त. दोरी एकच दिसली तर एक डोळा गप्प आहे. ही दोरी खोटं बोलू देत नाही, म्हणून मला आवडते. पहिल्या दिवशी लाल मण्यावर माझी फुली मण्यामागं तीन-चार बोटं पडली होती, ती मी स्वतः बघितली आणि तेव्हा पहिल्यांदा पटलं की सुई भोकाच्या शेजारी का जाते.

पिवळ्यावर दहा सेकंद फुली टिकली की लालवर उडी, परत पिवळ्यावर, मग हिरव्यावर, परत लालवर. एका फेरीत दहा उड्या. लाल जमला की आठवड्याला दोन-दोन सेंमी जवळ सरकवायचा. सोबत फोकससाठी एक डोळा झाकून जवळचा कागद आणि लांबचं कॅलेंडर, दोन्हींवरची अक्षरं आलटून पालटून, स्पष्ट झाल्याशिवाय पुढं नाही, प्रत्येक डोळ्याला पंधरा वेळा. सगळं मिळून रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातनं पाच दिवस. डोळे ओढल्यासारखे वाटतात, ते चालतं. मळमळ किंवा दिवसभर डोकं धरत असेल तर कमी करा आणि विचारा.

किती दिवस? २००८ मधे अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली, १२ आठवडे. दर आठवड्याला क्लिनिकमधे तासभर शिकवून वर घरी सराव दिलेल्यांत ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली, घरी नुसता पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्यांत ४३ टक्के, आणि दाखवण्यापुरते व्यायाम दिलेल्यांत ३५. म्हणून माझं म्हणणं, जमत असेल तर कुणाच्या तरी देखरेखीखाली करा, नाहीतर दर दोन-तीन आठवड्यांनी जाऊन मोजून तरी या. आणि पालकांना एक सांगतो, २०१९ च्या पुढच्या मोठ्या चाचणीत डोळे सुधारले पण वाचलेलं समजण्यात दाखवण्यापुरते व्यायाम केलेल्या मुलांपेक्षा जास्त फरक पडला नाही. पोराला त्रास होतो म्हणून व्यायाम द्या, मार्क वाढतील म्हणून नको.

मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं थेंब आणू नका. लाली घालवणारे थेंब सवय लावतात, आणि स्टिरॉइडच्या थेंबांनी आराम वाटतो पण काचबिंदू-मोतीबिंदू होऊ शकतो. कोरडेपणाला वंगणाचे थेंब असतात ते डॉक्टर देतील. गुलाबपाणी, मध असलं काही डोळ्यात घालू नका.

माझं चौथ्या आठवड्यात काहीच फरक नाही म्हणून सोडायला निघालो होतो, सातव्या आठवड्यात संध्याकाळचं अंतर ११ वर आलं, बाराव्याला ७. पुतणीचं अजून ९ वर आहे, तिचं चालू आहे, पण आता ती बसून आणि दोन्ही डोळ्यांनी वाचते. बरं झाल्यावर पूर्ण सोडलं की परत सैल पडतं असं माझ्या बाबतीत एका दिवाळीच्या सीझनला झालं, म्हणून आठवड्यातनं दोनदा चालू ठेवलंय. दोरी दुकानातच खिडकीच्या गजाला बांधलेली असते. सकाळी लाल मण्यावर फुली नीट बसली की मग साजाचं पहिलं पान हातात घेतो.